इंग्रजी-मराठी अनुवादाच्या तपासणीत चुकांचे वर्ग कसे जुळवून घ्यावेत?

निळी शाई (प्रश्न)

नमस्कार. इंग्रजीतून मराठीत आलेल्या मजकुराची तपासणी करणे हे माझे काम आहे. बँका व विमा कंपन्यांची ग्राहकांना जाणारी पत्रे आणि औषधांसोबत दिली जाणारी माहितीपत्रके असा दोन प्रकारचा मजकूर माझ्याकडे येतो. त्यातील बराचसा आता आधी यंत्र अनुवादित करते आणि मग अनुवादक त्यावर हात फिरवतो. तपासणीसाठी आम्हाला काम देणाऱ्या ग्राहकाने चुकांचा एक तयार तक्ता दिला आहे. तो एमक्यूएम (मल्टिडायमेन्शनल क्वालिटी मेट्रिक्स) या अनुवादातील चुका वर्गवार नोंदवून दर्जा मोजण्याच्या चौकटीवर बेतलेला असून परिभाषा, अचूकता, भाषिक संकेत (व्याकरण, लेखन), शैली, स्थानिक संकेत (तारीख, चलन वगैरे लिहिण्याच्या पद्धती), वाचकानुरूपता आणि मांडणी असे सात मोठे वर्ग आणि त्यांच्या पोटात उपवर्ग अशी त्याची रचना आहे. चूक किरकोळ, मोठी की गंभीर हे ठरवून अनुक्रमे १, ५ आणि २५ गुण वजा केले जातात. दर हजार शब्दांमागील वजावट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मजकूर परत येतो.

हा तक्ता युरोपीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेला दिसतो, कारण त्यात कॅपिटल अक्षरांसाठी स्वतंत्र उपवर्ग आहे, पण मराठीत रोज भेटणाऱ्या चुकांना धड जागा नाही. एकाच पत्रात ग्राहकाला कधी ‘तुम्ही’ तर कधी ‘आपण’ म्हटलेले असते. ही चूक एक तपासनीस शैलीत टाकतो, दुसरा व्याकरणात, तर तिसरा सुसंगतीत. ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ आले तर चूक भाषेची मानावी की अर्थाची, यावरही एकमत होत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर इतक्या असतात की केवळ त्यांच्या बेरजेने मजकूर नापास होतो, आणि औषधाची मात्रा चुकलेले पत्रक व वेलांट्या चुकलेले पत्रक यांची वजावट जवळपास सारखीच भरते. शिवाय हिंदीच्या वळणाने गेलेली वाक्ये असतात. ती कोणत्या रकान्यात टाकावीत हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

माझा प्रश्न असा की मराठीसाठी नवे वर्ग काढावेत, की असलेल्याच वर्गांत या चुका बसवाव्यात? नवे वर्ग काढले तर मराठीचे गुण तमिळ किंवा गुजराती मजकुराच्या गुणांशी ताडून पाहता येणार नाहीत, अशी ग्राहकाची हरकत आहे, आणि ती मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

पाटीपुस्तक

चौकटीला हात लावावा की नाही, याचे उत्तर चौकट तयार करणाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. एमक्यूएमचा उगम युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने २०१२ ते २०१४ या काळात चाललेल्या क्यूटीलाँचपॅड या प्रकल्पात झाला. त्यापूर्वी स्थानिकीकरणाच्या (मजकूर, संगणकप्रणाली त्या त्या भाषेला व प्रदेशाला जुळवून देण्याच्या) व्यवसायात लिसा या संघटनेचा तक्ता सर्रास वापरला जात असे. ती संघटना २०११ मध्ये बंद पडली, तरी तिचा तक्ता पुढेही चालत राहिला. संगणकप्रणालीची पुस्तिका असो की जाहिरात, सगळ्याला एकच गज लावायचा, ही त्या पद्धतीची अडचण होती. एमक्यूएमने उलट मार्ग धरला. शंभराहून अधिक प्रकारच्या चुकांची सूची द्यायची आणि ज्या कामाला जेवढे प्रकार लागतील तेवढेच तिच्यातून निवडायचे, असे तिचे स्वरूप होते, आणि संपूर्ण सूची कोणी एका वेळी वापरावी अशी अपेक्षाच नव्हती. तेव्हा मराठीच्या तक्त्यातून कॅपिटल अक्षरे काढून टाकणे हा त्या चौकटीचा योग्य वापरच होय.

तुलनेचा प्रश्न असा सुटतो की सात मोठे वर्ग तसेच ठेवावेत, बदल फक्त उपवर्गांत करावा आणि प्रत्येक नवा उपवर्ग एकाच मोठ्या वर्गाखाली नोंदवावा. तुलना वरच्या पातळीवर होत राहील आणि खालचा तपशील मराठीपुरता राहील. (मराठीचे आणि तमिळचे गुण ताडून पाहण्यात मुळात किती अर्थ आहे, ही वेगळी गोष्ट. तक्ता एक असला तरी तपासनिसांचा कडकपणा एक नसतो.)

तुमच्या वर्णनात मला खरी गुंतागुंत वेगळीच दिसते. वर्ग आणि तीव्रता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि तपासताना त्या एकमेकींत मिसळतात. चूक कोठे घडली हे वर्ग सांगतो, त्या चुकीने वाचकाचे काय होईल हे तीव्रता सांगते. ‘लेखनाची चूक’ म्हटले की हात आपोआप ‘किरकोळ’कडे जातो आणि ‘अचूकतेची चूक’ म्हटले की ‘मोठी’कडे, ही सवय मोडल्याशिवाय कितीही उपवर्ग काढले तरी उपयोग होणार नाही.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेच पाहा. बँक कधीही पिन विचारणार नाही, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे ‘आपण कधीही पिन विचारणार नाही’ असे मराठी झाले, तर हे ‘आपण’ म्हणजे बँक आणि ग्राहक मिळून, की आदराने संबोधलेला ग्राहक स्वतः, असा घोळ होतो, आणि केवळ बँक हा हवा असलेला अर्थच नेमका हाती लागत नाही. इंग्रजीत या सर्वनामाचे एकच रूप असल्यामुळे निवड अनुवादकाला करावी लागते. ती चुकली तर अर्थ चुकला, म्हणून ही चूक अचूकतेत, चुकीच्या अनुवादाखाली गेली पाहिजे. बँकेच्या सुरक्षासूचनेत ती निश्चितच मोठी आहे. तीच अदलाबदल एखाद्या शुभेच्छापत्रात झाली तर वर्ग तोच राहील, तीव्रता मात्र किरकोळ होईल.

संबोधनाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे एकाच वाटणाऱ्या चुकीत तीन चुका दडलेल्या असतात. रुग्णाच्या पत्रकात त्याला ‘तू’ म्हटले असेल तर वाचक चुकीचा गृहीत धरला आहे, म्हणून ती वाचकानुरूपता. एका परिच्छेदात ‘तुम्ही’ आणि पुढच्या परिच्छेदात ‘आपण’ असेल तर दोन्ही रूपे आपापल्या जागी चालण्यासारखी आहेत, केवळ मेळ नाही, म्हणून ती शैलीतील सुसंगती. आणि ‘आपण अर्ज भर’ असे असेल तर कर्ता आणि क्रियापद जुळत नाहीत, म्हणून ते व्याकरण. तुमचे तीन तपासनीस ती चूक तीन ठिकाणी टाकतात, याचे एक कारण त्यांच्यासमोर दर वेळी वेगळी चूक असते हेही असू शकेल.

तरीही काही चुका दोन वर्गांच्या सीमेवर राहणारच. त्यासाठी अमेरिकेतील वाहन उद्योगाच्या एसएई जे२४५० या अनुवाद तपासण्याच्या जुन्या मानकातील एक युक्ती उसनी घ्यावी. २००१ च्या या मानकात सातच वर्ग आहेत आणि शैलीला त्यात मुळीच स्थान नाही, कारण गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत शैली कोण पाहतो! पण त्यात संदिग्ध चुकांसाठी दोन नियम घालून दिले आहेत : वर्गाविषयी शंका असेल तर यादीत जो वर्ग आधी येतो तो निवडावा, आणि तीव्रतेविषयी शंका असेल तर अधिक तीव्र पर्याय निवडावा. पहिल्या नियमामुळे वर्गांच्या क्रमालाच अर्थ येतो. तुमच्या तक्त्यात परिभाषा, अचूकता, वाचकानुरूपता, भाषिक संकेत, स्थानिक संकेत, शैली आणि मांडणी असा क्रम लावून पाहावा.

दुर्बीण

पाटीपुस्तक यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. मी यंत्रानुवादाच्या मूल्यमापनाच्या बाजूने काही मुद्दे मांडतो.

एमक्यूएमचे सध्या जे रूप यंत्रानुवादात सर्वाधिक दिसते, ते गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या कामातून आले आहे. त्यांनी इंग्रजी-जर्मन आणि चिनी-इंग्रजी अनुवाद व्यावसायिक अनुवादकांकडून तपासून घेतले. मोठ्या चुकीला ५, किरकोळ चुकीला १ आणि अनुवाद म्हणण्यासारखे काहीच उरले नसेल तर २५ असे त्यांचे गुण होते. पण विरामचिन्हांच्या किरकोळ चुकीला त्यांनी केवळ ०.१ गुण ठेवला. म्हणजे एका उपवर्गाचा भारांक वेगळा ठेवणे हे मराठीसाठी मागितलेले लाड नव्हेत, त्याला पायंडा आहे. तुमच्याकडील ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न त्याच मार्गाने सुटेल. अर्थाला धक्का न लावणारी लेखनाची किरकोळ चूक अशा अपूर्णांकाने मोजावी, आणि अर्थ बदलवणारी चूक अचूकतेत जावी.

त्याच तक्त्यातील स्थानिक संकेतांचा वर्ग मात्र मराठीला अपुरा पडतो. त्यात पत्ता, चलन, तारीख, नाव, दूरध्वनी क्रमांक आणि वेळ यांच्या लेखनपद्धती आहेत, पण संख्यालेखन स्वतंत्रपणे नाही. आपल्याकडे दहा लाखांच्या विमासंरक्षणाचे ‘एक दशलक्ष’ होते, स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर पडतात आणि एकाच पानावर देवनागरी (१, २, ३) व इंग्रजी (1, 2, 3) अंक मिसळतात. औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी अंक आणि पत्रकात देवनागरी अंक असतील, तर रुग्णाने ते ताडून पाहायचे कसे, हा विचार तक्ता करण्यापूर्वी व्हायला हवा. संख्यालेखनाचा उपवर्ग काढा, पण संख्याच चुकली असेल, २.५ चे २५ झाले असतील, तर ती नोंद येथे नको. ती अचूकतेतील गंभीर चूक आहे.

आता हिंदीच्या वळणाविषयी. त्यासाठी वर्ग काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हिंदी हे चुकीचे कारण आहे, प्रकार नव्हे. ‘आपली आपत्ती ३० दिवसांच्या आत नोंदवावी’ हे वाक्य घ्या. मुळात हरकत किंवा आक्षेप असा अर्थ होता; हिंदीत ‘आपत्ति’चा तोही अर्थ होतो, आणि त्या वाटेने हा शब्द आला. विम्याच्या पत्रात ‘आपत्ती’ वाचून ग्राहकाला पूर किंवा आगच आठवेल आणि तो हरकत नोंदवणारच नाही. हा चुकीचा अनुवाद आहे आणि तो मोठा आहे. त्याउलट ‘ग्राहक ला’ असा प्रत्यय सुटा लिहिला असेल आणि सामान्यरूपही केले नसेल तर ते व्याकरण आहे. ‘परिस्थिति’ असे ऱ्हस्व लिहिले असेल तर ते लेखन. तिन्हींचे मूळ एक, परिणाम मात्र तीन निराळे. म्हणून वर्ग आणि तीव्रता यांच्या शेजारी ‘संभाव्य कारण’ असा तिसरा रकाना ठेवावा. त्याला गुण नसावेत, पण महिन्याअखेरीस त्यावरूनच कळेल की यंत्र हिंदीच्या प्रभावाने लिहीत आहे, की अनुवादक हिंदी मजकूर समोर ठेवून काम करीत आहे.

हाच रकाना आणखी एका ठिकाणी उपयोगी पडेल. बँकेच्या साच्यातील वाक्यात शहराचे नाव संगणक भरतो आणि ‘पुणेमध्ये’ किंवा ‘सातारामध्ये’ असे रूप छापले जाते. अनुवादकाने कितीही डोके लढवले तरी तेथे ‘पुण्यामध्ये’ किंवा ‘साताऱ्यामध्ये’ होणार नाही, कारण सामान्यरूप नावागणिक बदलते. ही चूक मूळ साच्याची म्हणून नोंदवावी आणि अनुवादकाचे गुण कापू नयेत. त्यावर ‘शाखा : पुणे’ अशी वाक्यरचनाच बदलणे हा उपाय आहे, पण तो काम देणाऱ्या ग्राहकाच्या हातात असतो.

भारतीय भाषांपुरते सांगायचे तर इंडिक-एमटी-इव्हॅल या २०२३ मधील कामात तमिळ, गुजराती, हिंदी, मराठी आणि मल्याळम या पाच भाषांत सात यंत्रप्रणालींचे अनुवाद याच धर्तीवर तपासले गेले, आणि एकूण ७००० नोंदी झाल्या. गुण देणाऱ्या स्वयंचलित पद्धती आपल्या भाषांतील ओघाच्या आणि भाषिक शुद्धतेच्या चुका पुरेशा पकडत नाहीत, असा त्यांचा एक निष्कर्ष होता. त्यामुळे ग्राहकाने उद्या ‘हे सगळे यंत्रच तपासेल’ असे म्हटले, तर तुमच्या हाती एक उत्तर राहील.

काना मात्रा

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यामुळे लेखनाच्या चुकांना ०.१ गुण हे वाचून प्रथम दचकलो. पण हा नियम लावण्याआधी ‘लेखनाची चूक’ म्हणजे काय, हे ठरवले आहे का? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम हा सर्वमान्य आधार आहे. तक्त्याच्या माथ्यावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे तपासनीस आपापल्या शाळेतल्या गुरुजींना साक्षीला बोलावणार नाहीत. ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहिले तर ती लेखनाची चूक नाही. पत्रव्यवहाराच्या भाषेसाठी ‘केले’ वापरावे असे तुमच्या शैलीपुस्तिकेत असेल तर ती शैलीची चूक आहे, आणि तसे नसेल तर चूकच नाही. ‘ईमेल’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, याचेही तेच. पुस्तिकेत निर्णय नसेल तर व्याकरणाचे गुण कापण्याचा अधिकार तपासनिसाला नाही. फार तर एकाच पत्रात ‘तुमचा ईमेल’ आणि ‘तुमची ईमेल’ दोन्ही आले तर सुसंगतीची नोंद करावी.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांतही फरक करावा लागतो. ‘स्थिति’, ‘शक्ति’, ‘गति’ ही सुटी रूपे मराठीत दीर्घान्त हवीत, पण ‘शक्तिवर्धक’ आणि ‘गतिरोधक’ यांत पहिले पद ऱ्हस्वच राहते. यंत्राच्या मजकुरात मला सुटे ‘शक्ति’ दिसते आणि ते पाहून अतिउत्साहाने केलेले ‘शक्तीवर्धक’ही दिसते. पहिली चूक बहुधा यंत्राची आणि दुसरी सुधारणाऱ्या माणसाची. दुर्बीण यांचा तिसरा रकाना येथे खरोखरच कामाला येईल.

‘कर्मचाऱ्यांना’ऐवजी ‘कर्मचार्यांना’, ‘अधिकाऱ्यांनी’ऐवजी ‘अधिकार्यांनी’ हा प्रकार मात्र मी वेगळा धरतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा संकेतांक आहे, पण फाँट बदलताना किंवा जुन्या मजकुराचे रूपांतर करताना अनेकदा त्याचा रफार होऊन जातो. पन्नास ठिकाणी दिसणारी ही चूक एकाच रूपांतरातून आलेली असते. ती मांडणी आणि संकेतन या वर्गात एकदाच नोंदवावी. क्वचित अर्थही बदलतो, जसे ‘आचाऱ्यांना’ बोलावण्याऐवजी ‘आचार्यांना’ बोलावले जाणे, पण बँकेच्या पत्रात तशी वेळ येण्याची शक्यता कमी.

वाचकानुरूपतेत एक भर घालतो. ‘मी जाहीर करतो की’ असे घोषणापत्र स्त्री ग्राहकाकडूनही सही करून घेतले जाते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्याने यंत्र सरसकट पुल्लिंग धरते. ‘करतो/करते’ ही आपली रुळलेली सोय आहेच. ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’ यासारख्या रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालत असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि जाणता अनुवादक शक्य तेथे तीच रचना निवडतो. सहीच्या मजकुरातील अशा चुकीला मी किरकोळ म्हणणार नाही.

निळी शाई

तिघांचेही आभार. संबोधनाची तीन भागांतील फोड आणि कारणाचा वेगळा रकाना हे दोन्ही आम्ही लगेच वापरून पाहणार आहोत. दोन शंका उरतात. एकच चूक त्याच मजकुरात पुन्हा पुन्हा आली तर ती एकदाच मोजावी, हे ‘कर्मचार्यांना’च्या बाबतीत पटते, पण ‘आपत्ती’ हा शब्द पत्रात चार ठिकाणी आला असेल, तर तेथेही एकदाच मोजायचे का? आणि नवा तक्ता चालतो आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पाटीपुस्तक

पुनरावृत्तीचा निर्णय वर्गावरून नव्हे, दुरुस्तीच्या श्रमांवरून करता येईल. शोधा-आणि-बदला करून एका झटक्यात सुटणारी चूक एकदा मोजावी; प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून निर्णय घ्यावा लागत असेल तर प्रत्येक वेळी मोजावी. ‘आपत्ती’ काही ठिकाणी खरोखरच आपत्ती असेल, विमाच आहे तो, त्यामुळे ती दर वेळी मोजणे योग्य. परिभाषेतील ठरलेला शब्द सर्वत्र एकसारखा चुकला असेल तर एकदाच.

तक्ता चालतो की नाही हे पाहण्यासाठी एकच मजकूर दोन तपासनिसांनी एकमेकांशी न बोलता तपासावा आणि नोंदी शेजारी ठेवाव्यात. एकूण गुण जुळले म्हणून समाधान मानू नये, कारण दोघांनी वेगवेगळ्या चुका पकडूनही बेरीज सारखी येऊ शकते. तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात : दोघांनी त्याच शब्दांवर बोट ठेवले का, ठेवले असल्यास वर्ग तोच दिला का, आणि तीव्रता तीच ठरवली का. पहिल्या पायरीवर मतभेद असेल तर तपासनिसाचे प्रशिक्षण कमी पडते आहे, दुसऱ्या पायरीवर असेल तर उपवर्गाची व्याख्या संदिग्ध आहे, आणि तिसऱ्यावर असेल तर उदाहरणे कमी आहेत. प्रत्येक उपवर्गासमोर बँकेचे एक आणि औषधाचे एक उदाहरण दिले तर बरेच काम होते. जो उपवर्ग कोणी वापरतच नाही, किंवा ज्यातील नोंदींवर पुढे कोणी काही करीत नाही, तो काढून टाकावा.

दुर्बीण

एक व्यावहारिक सूचना. लेखनाचा भारांक आणि पुनरावृत्तीचा नियम हे दोन्ही बदल एखाद्या प्रकल्पाच्या मध्यावर लागू करू नयेत. तक्त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख घालावी आणि ग्राहकाला आधी लेखी कळवावे. जुन्या आणि नव्या नियमांनी आलेले गुण एकाच आलेखावर मांडले गेले, तर अनुवादात काहीही बदल झालेला नसताना तुमचे अनुवादक एका महिन्यात कमालीचे सुधारले असे दिसेल, आणि पुढच्या करारात मर्यादा त्याच आकड्यावरून ठरवली जाईल.